हर्नियाच्या पिशवीत निघालेली जेली

कोणाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं किंवा होणार आहे असं कानावर आलं की मी एकच विचारतो, आतून जे काढलं ते तपासायला गेलं का, आणि रिपोर्ट तुमच्या हातात आला का. काही लोकांना वाटतं हा माणूस उगाच घाबरवून राहिला. घाबरवायचं काही नाही, पण माझं पुढचं सगळं आयुष्य त्या एका कागदावरून फिरलं, आणि त्या वेळी या आजारावर, म्हणजे पोटात जेली भरवणाऱ्या एका दुर्मिळ कॅन्सरवर, मराठीत वाचायला मला जवळपास काहीच सापडलं नव्हतं, म्हणून जमेल तसं लिहून काढतो.

नागपूरच्या महाल भागात माझा छोटा प्रिंटिंग प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, पॅम्प्लेट, निवडणूक आली की तिचं काम. कागदाचे गठ्ठे उचलणं रोजचंच, त्यामुळे उजव्या जांघेत फुगवटा आला तेव्हा घरचे, शेजारचे, कटिंगवाला, सगळे म्हणाले वजन उचलून उचलून झालं. फॅमिली डॉक्टरांनी उभं करून खोकायला लावलं आणि हर्निया आहे म्हणाले. सोनोग्राफी फक्त जांघेची झाली, त्यात हर्निया, त्याच्या पिशवीत (म्हणजे पोटाचं अस्तर बाहेर फुगून होते ती) आतड्यांवरचा चरबीचा पडदा आणि थोडं पाणी असं आलं. आता मागे वळून पाहिलं तर दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक म्हणजे आधी आडवं झालं की फुगवटा पूर्ण आत जायचा, नंतर नंतर थोडासा तिथंच राहायला लागला. आणि दुसरं, पँट कमरेत घट्ट होत चालली होती पण दंड आणि चेहरा बारीक होऊन राहिला होता. बायको म्हणायची, अहो जेवण तर तेवढंच आहे मग पोट काऊन सुटलं. पन्नाशीनंतर पोट सुटतंच असं डॉक्टरही म्हणाले, आणि ते चूक होते असं मी म्हणणार नाही, कारण शंभर जणांचं पोट तसंच सुटतं.

ऑपरेशन धंतोलीतल्या एका दवाखान्यात झालं. कमरेत इंजेक्शन देऊन, म्हणजे मी जागाच होतो, समोर हिरवा पडदा. सुरुवातीला सर्जन सर आणि भुलीचे डॉक्टर आपसात गप्पा मारत होते, मुलांच्या अ‍ॅडमिशनच्या वगैरे, आणि मग एकदम गप्पा बंद झाल्या. बराच वेळ कोणीच काही बोलेना. मी विचारलं, सर काय झालं? ते म्हणाले, काही नाही, तुम्ही शांत पडून राहा, मी जरा नीट पाहून राहिलो. मग सिस्टरला म्हणाले मोठी बॉटल आणा, ही छोटी पुरणार नाही. तेवढं वाक्य मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

त्यांनी बायकोला आणि मोठ्या मुलाला बाहेरून बोलावून ट्रेमध्ये ते दाखवलं. मुलगा नंतर म्हणाला, बाबा, साबुदाण्याची लापशी थंड झाल्यावर होते ना, तसं होतं, पिवळट आणि चिकट. दुसऱ्या दिवशी राऊंडला सर खुर्ची ओढून बसले (एरवी सर्जन कधी बसत नाहीत, उभ्या उभ्या ड्रेसिंग पाहून निघतात) आणि सरळ सांगितलं, हर्निया साधा नाही, पिशवीत जेलीसारखं निघालं आणि ते पोटातून खाली उतरलेलं आहे, हर्निया परत होऊ नये म्हणून टाकतात ती जाळी मी टाकली नाही, फक्त टाके घालून बंद केलं, पिशवी आणि जेली दोन्ही तपासायला पाठवली. रिपोर्ट येईपर्यंत मी आजाराचं नाव घेणार नाही पण पोटाचा सीटी करून घ्या.

या माणसाचे उपकार मी कधी फेडू शकणार नाही. काऊन ते सांगतो. हर्नियाच्या पिशवीत कॅन्सर निघणं फारच दुर्मिळ, एक टक्क्याच्याही बरंच खाली. त्यामुळे साध्या दिसणाऱ्या प्रत्येक पिशवीची बायोप्सी करावीच असा काही नियम नाही, कित्येक ठिकाणी ती पाठवतही नाहीत, आणि खर्चाचा विचार केला तर ते समजण्यासारखं आहे. पण काही वेगळं दिसलं तर, पिशवी जाड आहे, आत गाठी आहेत, पाणी घट्ट आहे, चरबीचा पडदा कडक लागतोय, तर ते फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या औषधात, तपासायला गेलंच पाहिजे. माझ्या सरांनी ते पुसून, धुऊन, जाळी टाकून बंद केलं असतं तर माझा फुगवटा गेला असता, मी खूश होऊन पेढे वाटले असते आणि पोटात सगळं वाढत राहिलं असतं.

नंतर वाचून आणि डॉक्टरांना विचारून कळलं की हर्नियात कॅन्सर सापडायचे वेगवेगळे प्रकार आहेत. कधी मोठ्या आतड्याचा कॅन्सर असतो आणि ते आतडंच गाठीसकट पिशवीत उतरलेलं असतं, हे जास्त करून डाव्या बाजूला, कारण आतड्याचा तो लोंबता भाग डावीकडे असतो. कधी जठर, अंडाशय, आतडं यातल्या कशाचा तरी कॅन्सर पोटात पसरून त्याच्या गाठी पिशवीच्या अस्तरावर बसतात. आणि बेंबीचा तर वेगळाच इतिहास आहे. अमेरिकेत रॉचेस्टरला डॉक्टर विल्यम मेयो होते (आपल्या नागपूरच्या मेयो दवाखान्याशी यांचा संबंध नाही), त्यांना ऑपरेशनमध्ये मदत करणाऱ्या सिस्टर मेरी जोसेफ यांच्या लक्षात आलं की पोटाच्या कॅन्सरच्या काही पेशंटच्या बेंबीत कडक गाठ लागते. मेयोंनी १९२८ मध्ये त्यावर लिहिलं आणि १९४९ मध्ये हॅमिल्टन बेली या इंग्रज सर्जनने त्या गाठीला सिस्टरचंच नाव दिलं. ती गाठ बरेचदा बेंबीचा हर्निया समजली जाते. ऑपरेशनच्या आधी पोट साफ पुसताना एका नर्सच्या बोटांना जे लागलं ते आज जगभर शिकवतात, मला हे वाचून फार बरं वाटलं होतं.

रिपोर्टला आठवड्याच्या वर लागला. त्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. प्रेसमध्ये जाऊन बसायचो, मशीन चालू असली की डोकं जरा शांत राहायचं.

रिपोर्टमध्ये होतं की म्युसिन आहे, म्हणजे ती जेली, त्यात मधे मधे लो ग्रेडच्या, म्हणजे हळू वाढणाऱ्या, कॅन्सर पेशी आहेत, आणि पेशींवरच्या खास टेस्ट, सीके२० आणि सीडीएक्स२, पॉझिटिव्ह आहेत म्हणजे मूळ आतड्याकडचं, बहुतेक अपेंडिक्सचं. खाली नाव होतं, स्यूडोमिक्सोमा पेरिटोनाय. सीटीमध्ये अपेंडिक्स सुजलेलं आणि त्याच्या भिंतीत कॅल्शियम, लिव्हरची कड आत दबलेली, आणि पोटात जागोजागी तेच घट्ट पाणी. मला अपेंडिक्सचा त्रास उभ्या आयुष्यात कधी झाला नव्हता, एकदाही पोट धरून बसलो नव्हतो.

रामदासपेठेतल्या एका कॅन्सर सर्जननी कागदावर पोट काढून समजावलं ते मला सगळ्यात पटलं. अपेंडिक्सच्या आत हळूहळू वाढणारी गाठ होते, ती जेली तयार करते, अपेंडिक्स फुगतं आणि एक दिवस बारीकसं फुटतं, तेही फार न दुखता. मग जेली आणि पेशी पोटातल्या पाण्याबरोबर फिरतात. लहान आतडं सारखं हलत असतं म्हणून त्यावर त्या सहसा बसत नाहीत. त्या जातात जिथं पाणी शोषलं जातं तिथं, म्हणजे चरबीचा पडदा आणि उजवीकडे लिव्हरच्या वर डायफ्रामखाली (छाती आणि पोटाच्या मधला स्नायूचा पडदा), नाहीतर वजनाने खाली ओटीपोटात. आणि खाली हर्नियाची पिशवी उघडी असेल तर तीही भरते. म्हणून पुरुषांमध्ये कित्येकदा या आजाराची पहिली खूण म्हणजे नवीन झालेला जांघेचा हर्नियाच असतो. पोटात दाब वाढला म्हणून हर्निया झाला होता, कागदाच्या गठ्ठ्यांचा त्यात दोष असेलच असं नाही. हा आजार रक्तातून लिव्हरमध्ये फुप्फुसात सहसा जात नाही, पोटातच राहतो, पण पोटात इतका भरतो की शेवटी आतडी दाबून माणसाला जेवू देत नाही. लाखात काय, दहा लाखांत वर्षाला एक-दोन जणांना होतो. मुलाने शोधून सांगितलं की ऑड्री हेपबर्न ही हॉलिवूडची नटी १९९३ मध्ये अपेंडिक्सच्या कॅन्सरनेच गेली.

इथून पुढे घरात ओढाताण सुरू झाली आणि हेच मला जरा सविस्तर सांगायचंय. एका ठिकाणी म्हणाले, लगेच केमो सुरू करू, उद्याच अ‍ॅडमिट व्हा. घरच्यांना ते बरं वाटलं, कारण काहीतरी सुरू झालं असतं. माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, तो तर रडायलाच लागला, म्हणे कॅन्सर आहे आणि तू डॉक्टर शोधत फिरून राहिला. एक नातेवाईक म्हणाले पोटातलं पाणी सुईने काढून टाका म्हणजे हलकं वाटेल. ते पाणी सुईतून येत नाही, इतकं घट्ट असतं. रामदासपेठेच्या सरांनी दादाला समोर बसवून शांतपणे सांगितलं, हा हळू चालणारा प्रकार आहे, चार-सहा आठवड्यांनी काही बिघडत नाही, आणि या लो ग्रेडच्या आजारावर नसेतून दिलेल्या केमोचा फार उपयोग होत नाही. याचं ऑपरेशन, म्हणजे जेली आणि ती जिथं बसली ते सगळं काढणं, जितकं पूर्ण होईल तितकं पुढचं आयुष्य, आणि पहिलं ऑपरेशन अर्धवट झालं तर दुसरं फार अवघड जातं कारण आतडी चिकटतात. म्हणून जिथं हेच काम नेहमी होतं तिथंच जा. मी स्वतः करू शकतो पण मी तुम्हाला पाठवतोय, असंही म्हणाले. दादाचं रडणं तिथं थांबलं.

आम्ही मुंबईला टाटा मेमोरियलला गेलो. नागपूरहून जाणाऱ्यांसाठी कामाचं सांगतो. फक्त रिपोर्ट घेऊन चालत नाही, जिथं बायोप्सी झाली त्या लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही मागून घ्या, कारण तिथले पॅथॉलॉजिस्ट सगळं परत स्वतः पाहतात. सीटीची फक्त फिल्म नको, सीडी घ्या. ऑपरेशन केलेल्या सर्जनकडून काय दिसलं, काय काढलं, जाळी टाकली की नाही, हे लिहून घ्या. कॅन्सर पेशंटला उपचाराला जाताना रेल्वेत सवलत आहे, स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटचं तिकीट माफ आणि सोबतच्या एकाला पंच्याहत्तर टक्के सूट, दवाखान्याचा ठराविक नमुन्यातला फॉर्म लागतो. आणि राहायला दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या बाबांच्या नावाची ही धर्मशाळा कॅन्सर पेशंटना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. तिथं यवतमाळकडच्या एक काकू भेटल्या, नवऱ्याला घेऊन आलेल्या, त्या बायकोला म्हणाल्या, बाई, रडायचं अशीन तं आंघोळीच्या वेळी रडून घे, त्यांच्यासमोर जेवत जा. बायकोने ते पाळलं, मला हे तिने खूप नंतर सांगितलं.

मुंबईत सीईए, सीए १९-९, सीए १२५ हे रक्ताचे मार्कर झाले, कोलोनोस्कोपी झाली, स्लाइड परत पाहिल्या गेल्या आणि निदान तेच राहिलं. पोटाचे तेरा भाग पाडून प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क देतात, जास्तीत जास्त एकोणचाळीस, त्यावरून आजार किती पसरला ते मोजतात. प्लीहा काढावी लागू शकते म्हणून आधीच न्यूमोनिया आणि मेंदूज्वराच्या लसी दिल्या, कारण प्लीहा गेली की त्या जंतूंशी लढायची ताकद कमी होते. पोटाला शौचाची पिशवी लावावी लागू शकते, ती कुठे बसेल तिथं पेनने खूणही केली. सही करताना मी मुलाला म्हटलं, तू पण सगळं वाच, घाई नाही.

मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं होतं की सर, खरं सांगा, किती चान्स. ते म्हणाले, २०१२ मध्ये जगातल्या १६ सेंटरच्या २२९८ पेशंटचा अभ्यास आला, सगळे अपेंडिक्समधून हा आजार झालेले आणि हेच ऑपरेशन झालेले, त्यात दहा वर्षांनी त्रेसष्ट टक्के जिवंत होते. मग म्हणाले, लो ग्रेड असेल आणि सगळं काढता आलं तर याहून बरं. घरी सगळ्यांनी कॅन्सर म्हणजे संपलं असंच धरलं होतं, आणि इथं डॉक्टर दहा वर्षांची भाषा बोलून राहिले होते. मी तो आकडा प्रेसच्या कोऱ्या कागदावर लिहून खिशात ठेवला.

ऑपरेशनला सकाळी आत नेलं ते बाहेर आणलं तेव्हा मुंबईत रात्र झालेली. छातीच्या हाडापासून खालपर्यंत उघडलं. चरबीचा पूर्ण पडदा, अपेंडिक्ससकट उजवीकडचं मोठं आतडं, प्लीहा, पित्ताशय, डायफ्रामखालचं आणि ओटीपोटातलं अस्तर सोलून काढलं, आणि जांघेतला नागपूरचा जुना व्रण आणि पिशवीचं उरलेलंही काढलं, कारण पेशी त्या टाक्यांमध्येही रुजू शकतात. शौचाची पिशवी लावावी लागली नाही. डोळ्यांना दिसणारं सगळं निघाल्यावर मायटोमायसिन हे केमोचं औषध एक्केचाळीस-बेचाळीस डिग्रीला गरम करून नळ्यांनी पोटात तासाभराच्या वर फिरवलं. गरम केल्याने औषध जास्त लागू पडतं, आणि ते पोटातच फिरतं म्हणून रक्तात कमी जातं. याला हायपेक म्हणतात.

त्यानंतरचं आयसीयू मला तुकड्या तुकड्यात आठवतं. नाकात नळी, मानेत नळी, पोटातून निघालेले ड्रेन, पाठीत दुखणं कमी करायच्या औषधाची नळी. सगळ्यात कठीण काय होतं तर ते फुप्फुसाच्या व्यायामाचं, तीन प्लास्टिकच्या गोळ्यांचं फुंकायचं, खरं तर ओढायचं यंत्र. पहिल्यांदा एक गोळीही हलेना. फिजिओवाली पोरगी रोज यायची, काका बसा, काका चला, आणि मी मनात तिच्यावर चिडायचो पण तिच्यामुळेच न्यूमोनिया झाला नाही. आठवडाभरानंतर पांढऱ्या पेशी खाली गेल्या, मायटोमायसिनने तसं होतं, मग मास्क, इंजेक्शनं आणि भेटायला बंदी. आतडी चालू व्हायला पण फार वेळ लागला. वॉर्डात गॅस पास झाला का हा प्रश्न इतक्या गंभीरपणे विचारतात की ज्या दिवशी झाला त्या दिवशी शेजारच्या बेडवाल्याने टाळी दिली.

फायनल रिपोर्टमध्ये अपेंडिक्सची लो ग्रेड गाठ हेच मूळ निघालं आणि मागे दिसणारं काही राहिलं नाही असं लिहून आलं. नसेतून केमो नंतर दिली नाही.

मेडिक्लेमने मात्र खूप दमवलं. पहिला क्लेम हर्नियाचा, दुसरा कॅन्सरचा, तर त्यांचं म्हणणं हर्निया आधीचा होता म्हणजे आजार आधीचा होता. सर्जन सरांनी पत्र दिलं की हर्नियाच्या सोनोग्राफीत कॅन्सरचा कुठेही उल्लेख नव्हता आणि निदान पहिल्यांदा बायोप्सीत झालं, त्या पत्रावर आणि रिपोर्टच्या तारखेवर शेवटी पैसे मिळाले, तेही पूर्ण नाही. म्हणून पण म्हणतो, कागद जपा.

आता मी नागपुरात आहे, प्रेस चालू आहे, गठ्ठे मुलगा उचलतो. जेवण थोडं थोडं करून पाच-सहा वेळा, तेलकट झालं की लगेच पळावं लागतं, पित्ताशय आणि आतड्याचा तुकडा नाही म्हणून. ताप आला की वाट न पाहता डॉक्टरकडे, प्लीहा नाही म्हणून. मार्कर आणि सीटी ठरलेल्या वेळी नागपुरातच करून रिपोर्ट मुंबईला दाखवतो. आणि एवढ्या मोठ्या व्रणावर पुढे हर्निया होऊ शकतो, तेव्हा दर तपासणीत डॉक्टर मला उभं करून खोकायला लावतात आणि व्रणावर, बेंबीजवळ, दोन्ही जांघांत हात ठेवून पाहतात. त्यांनी सांगून ठेवलंय की कुठेही नवीन फुगवटा दिसला तर जवळच्या दवाखान्यात परस्पर ऑपरेशन करून घ्यायचं नाही, आधी सीटी करायचा.